पितळेतले छिद्र : कार्ब्युरेटरच्या जेटचा इतिहास

१. सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर काढून उघडा बसवला, की मोटारसायकल काही दिवस छान गुरगुरते. मग तक्रारी सुरू होतात. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर गाडी अडखळते, थ्रॉटल सोडताच सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, इंजिन भलतेच तापते. जाणता मेस्त्री अशा वेळी एवढेच विचारतो, "जेट बदलला का?" या साध्या प्रश्नामागे १३० वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात एक वाद दडलेला आहे : इंजिनाला किती पेट्रोल मिळावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? कारखान्याचा, मालकाचा, की मागे उभे राहून तो धूर श्वासात घेणाऱ्याचा? हा थ्रेड त्या वादाचा.

२. आधी वस्तू समजून घेऊ. मेन जेट म्हणजे शेंगदाण्याच्या दाण्याएवढा पितळी स्क्रू, ज्याच्या मधोमध साधारण १ मिलिमीटर व्यासाचे छिद्र असते. थ्रॉटल पूर्ण उघडला असता इंजिनाला मिळणारे पेट्रोल मुख्यतः या छिद्रातून जाते. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. सर्वाधिक ताकद मात्र हवा थोडी कमी असताना, म्हणजे १२.५ ते १३ ग्रॅमच्या आसपास मिळते. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडले तर मिश्रण 'लीन', जास्त झाले तर 'रिच'. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

३. सुरुवातीची इंजिने जेटशिवाय चालत. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांच्या १८८५ च्या दुचाकीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेली जाई आणि जाताना ती वाफ उचलून घेई. किती वाफ उचलली जाईल यावर फारसा ताबा नसे. ११ फेब्रुवारी १८९३ रोजी बुडापेस्टच्या दोनात बांकी आणि यानोश चोंका यांनी नळीच्या तोंडातून पेट्रोलचे तुषार हवेत सोडणाऱ्या कार्ब्युरेटरसाठी पेटंट मागितले. त्याच वर्षी मायबाखनेही तशीच रचना नोंदवली. फुले विकणाऱ्या मुलीला तोंडाने पाणी फवारताना पाहून हंगेरियन अभियंत्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. ती आख्यायिका समजून सोडून द्यावी. छिद्रातून मोजून पेट्रोल देणे मात्र इथून सुरू झाले.

४. या रचनेमागचे विज्ञान त्याहून जुने. वेग वाढला की प्रवाहातला दाब घटतो, हे डॅनियल बर्नुलीने १७३८ मध्ये मांडले. अरुंद गळ्यातून जाणाऱ्या प्रवाहाचा अभ्यास जोव्हानी बत्तिस्ता व्हेंचुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केला. कार्ब्युरेटरच्या गळ्यात हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल जेटमधून वर खेचले जाते. हवा वाढली की पेट्रोलही वाढते. कुठलीही वीज वा मोजमाप न लागता हे घडते, हे या यंत्राचे सौंदर्य. त्याची मर्यादाही इथेच आहे. जेटला फक्त दाबातला फरक कळतो. हवा खरोखर किती आली, हे त्याला कधीच कळत नाही.

५. फिल्टर बदलल्यावर गणित का चुकते, ते यावरून उलगडते. कारखान्याचा फिल्टर आणि त्याची पेटी हवेला थोडी अडवतात, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या तोंडाशी दाब आधीच थोडा कमी असतो. पेट्रोलच्या वाटीवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. या फरकाने जास्तीचे पेट्रोल खेचले जाते आणि जेटचा आकार तो हिशोब धरूनच ठरलेला असतो. उघडा फिल्टर बसवला की हवा वाढते आणि तो जास्तीचा ओढाही नाहीसा होतो. मोकळ्या सायलेन्सरमुळे सिलिंडरमध्ये जळका वायू कमी उरतो, त्याची जागाही नवी हवा घेते. पेट्रोल मागे पडते आणि मिश्रण लीन होते.

६. जेट सहज बदलता यावा, ही सोय व्यापारातून रुजली. १९२७ मध्ये ब्रिटनमधल्या ॲमॅक, ब्राऊन अँड बार्लो आणि बिंक्स या तीन कार्ब्युरेटर कंपन्या एकत्र आल्या आणि 'अमाल' जन्मली. पुढची अनेक दशके बहुतेक ब्रिटिश मोटारसायकलींवर अमालच होता. त्यातले काम वाटलेले असे. थ्रॉटल जेमतेम उघडा असताना पायलट जेट, त्यापुढे सरकत्या स्लाइडचा तिरपा काप, पाव ते पाऊण उघडा असताना सुई आणि त्यानंतर मेन जेट. सुईवर खाचा असत. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येई आणि पेट्रोल वाढे. मिश्रण बिघडले तर ते थ्रॉटलच्या कुठल्या टप्प्यावर बिघडले, हे ओळखणे हीच निम्मी विद्या होती.

७. जेटवर कोरलेला आकडा मात्र सर्वत्र एकच गोष्ट सांगत नाही. अमालचा आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर पेट्रोल वाहते ते दाखवतो. इटलीच्या डेलॉर्टोचा आणि जपानच्या केहिनचा आकडा छिद्राचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात सांगतो. फरक किरकोळ नाही. प्रवाहाच्या मापात १०० वरून १०५ ला गेले तर पेट्रोल ५ टक्के वाढते. व्यास १०० वरून १०५ केला तर छिद्राचे क्षेत्रफळ १० टक्क्यांहून थोडे अधिक वाढते, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते. एका कंपनीचा '१००' दुसऱ्या कंपनीच्या '१००' च्या जागी बसवणे म्हणजे शेराच्या मापाने लिटर मोजणे.

८. या विद्येची पहिली मोठी शाळा इंग्लंडमधला ब्रुकलँड्सचा ट्रॅक. आवाजाला कंटाळलेल्या शेजाऱ्यांनी न्यायालयात धाव घेतली आणि १९२० च्या दशकात तिथे सायलेन्सर सक्तीचा झाला. ठरलेल्या मापाचा तो मोठा डबा 'ब्रुकलँड्स कॅन' म्हणून ओळखला गेला. म्हणजे सायलेन्सर, शेजारी आणि कायदा यांचे त्रांगडे शंभर वर्षे जुने आहे. शर्यतीत मिथेनॉलसारखी अल्कोहोलची इंधनेही वापरली जात. मिथेनॉलला स्वतःच्या वजनाच्या जेमतेम ६.४ पट हवा पुरते, म्हणून तेवढ्याच हवेला दुपटीहून अधिक इंधन द्यावे लागे आणि जेटही तसाच मोठा.

९. प्रयोगशाळेचे साधन हाताशी नसताना मिश्रण तपासायचे कसे? स्वारांनी उत्तर शोधले स्पार्क प्लगमध्ये. पूर्ण वेगात असतानाच इंजिन बंद करायचे, क्लच दाबून गाडी थांबू द्यायची आणि प्लग काढून त्याचा रंग वाचायचा. काजळी धरलेला काळा प्लग म्हणजे रिच, पांढराफटक म्हणजे लीन, बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे ठीक. सुरुवात नेहमी मोठ्या जेटने करायची आणि एकेक पायरी खाली यायचे. रिच मिश्रणाने गाडी फार तर मंदावते. लीन मिश्रणाने इंजिन फुटते.

१०. ३० जून १९३७ रोजी वॉल हँडलीने याच ट्रॅकवर बीएसएच्या 'एम्पायर स्टार'वर ताशी १०० मैलांहून अधिक सरासरीने फेरी पूर्ण केली. अशा फेरीसाठी मिळणाऱ्या सुवर्णताऱ्याच्या बिल्ल्यावरून बीएसएने पुढच्या गाडीचे नाव ठेवले 'गोल्ड स्टार'. १९५६ च्या डीबीडी ३४ या गोल्ड स्टारवर दीड इंची गळ्याचा अमाल जीपी हा शर्यतीचा कार्ब्युरेटर होता. प्रत्येक इंजिन हाताने जोडून ताकदमापक यंत्रावर तपासले जाई आणि त्याचा अहवाल ग्राहकाला मिळे. शर्यतीच्या मैदानावरची विद्या आता दुकानातून विकत मिळू लागली होती.

११. तिचे नवे घर होते रस्त्याकडेचे कॅफे. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ मध्ये सुरू झालेला 'एस कॅफे' १९५० आणि ६० च्या दशकांत तरुण स्वारांचा अड्डा बनला. ताशी १०० मैल गाठणे ही तिथली प्रतिष्ठा. साध्या गाडीचा सायलेन्सर काढून मोकळा पाइप लावायचा, फिल्टरऐवजी कार्ब्युरेटरला उघडी तुतारी बसवायची आणि मोठा जेट घालायचा, ही त्या पिढीची घरगुती कारागिरी. प्रश्नाचे त्यांचे उत्तर सरळ होते : गाडी माझी, जेटही माझा. तेव्हा त्याला आडवे येणारे कोणी नव्हते.

१२. याच काळात पोलादी पडद्याआड, पूर्व जर्मनीतल्या चोपाउ गावी, एमझेडचा अभियंता वॉल्टर काडेन टू-स्ट्रोक इंजिनावर काम करत होता. टू-स्ट्रोकमध्ये ताज्या मिश्रणाचा काही भाग जळण्याआधीच बाहेर निसटतो. काडेनने पोट फुगलेला आणि पुढे निमुळता होणारा एक्झॉस्ट इतका अचूक बसवला, की बाहेर पडणारी दाबलहर परत फिरून निसटते मिश्रण सिलिंडरमध्ये ढकली. त्या लहरी तो ऑसिलोस्कोपवर पाहत असे. १९६१ पर्यंत १२५ सीसीच्या त्याच्या इंजिनाने २५ अश्वशक्ती गाठली, म्हणजे लिटरमागे २००. एक्झॉस्ट आता केवळ धुराडे उरला नाही, तो इंजिनाचा भाग झाला.

१३. इथेच जेटचा प्रश्न जीवघेणा बनला. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते आणि पेट्रोल वाफ होताना पिस्टनला थंडही करते. जेट लहान पडला तर वंगण आणि गारवा, दोन्ही एकदम घटतात. पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये अडकतो आणि मागचे चाक धावत असतानाच थांबते. म्हणून टू-स्ट्रोकच्या शर्यतीतले स्वार दोन बोटे सदैव क्लचच्या लिव्हरवर ठेवत. इंजिन जाम होताच क्लच दाबला तर स्वार वाचे. पितळेतल्या छिद्राची शंभराव्या भागाची चूक हाडांनी भरावी लागे.

१४. १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिनची भिंत उभी राहू लागली. पुढच्याच महिन्यात एमझेडचा स्वार अर्न्स्ट डेग्नर १२५ सीसीच्या विश्वविजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला. त्याचे कुटुंबही गुप्तपणे बाहेर काढले गेले. काडेनची विद्या त्याच्याबरोबर जपानच्या सुझुकीकडे गेली. १९६२ मध्ये डेग्नरने सुझुकीला ५० सीसीचे विश्वविजेतेपद मिळवून दिले, ते कुठल्याही टू-स्ट्रोकचे पहिले. १९६४ मध्ये यामाहानेही टू-स्ट्रोकवर २५० सीसीचे विजेतेपद घेतले. काही वर्षांत जपानी टू-स्ट्रोक जगभरच्या रस्त्यांवर आल्या. काडेनला मात्र त्याच्या विद्येचे जगात कमावलेले नाव फार उशिरा मिळाले.

१५. आता वादात तिसरा पक्ष उतरला. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर १९७८ च्या मॉडेलपासून मोटारसायकलींच्या धुरावर संघराज्यीय मर्यादा आली. किलोमीटरमागे कार्बन मोनॉक्साइड १७ ग्रॅम, १९८० पासून १२ ग्रॅम. या मर्यादेत बसण्यासाठी कंपन्यांनी जेट लहान केले, सुईच्या खाचा काढून टाकल्या आणि आयडलचा मिश्रण-स्क्रू टोपणाखाली बंद केला. १९८३ पासून आवाजावरही ८३ डेसिबलची मर्यादा आली. गाडी कारखान्यातूनच लीनच्या काठावर उभी राहून बाहेर पडू लागली.

१६. परिणाम उपरोधिक झाला. पूर्वी थोडी रिच असलेली गाडी सायलेन्सर बदलला तरी निभावून नेई. आता शिल्लकच उरली नव्हती, म्हणून सायलेन्सर बदलला की जेट बदलणे भाग झाले. जेट, खाचांची सुई आणि टोपण उडवण्याचे ड्रिल एका पाकिटात भरून 'जेट किट' विकणारा धंदा उभा राहिला. कायदाही मागे राहिला नाही. १९७७ च्या दुरुस्तीने गॅरेजांना आणि १९९० च्या दुरुस्तीने खुद्द मालकालाही प्रदूषण-नियंत्रणात छेडछाड करण्यास मनाई झाली. 'गाडी माझी, जेटही माझा' हे वाक्य कागदावर तरी संपले.

१७. भारतात ही कथा दोन गाड्यांतून आली. १९५५ मध्ये मद्रासला जोडणी सुरू झालेली बुलेट आणि १९८५ मध्ये एस्कॉर्ट्सने आणलेली यामाहा आरएक्स १००. बुलेटला लावल्या जाणाऱ्या मोठ्या आवाजाच्या सायलेन्सरला आजही बाजारात 'गोल्डस्टार' म्हणतात. हँडलीचा सुवर्णतारा असा भारतीय रस्त्यावर पोहोचला, बहुतेकांना त्याचा उगम ठाऊक नसताना. आरएक्स १०० चा सायलेन्सर काडेनच्या विद्येचा वारसदार. ९८ सीसीत ११ अश्वशक्ती देणाऱ्या या गाडीचे ते फुगीर नळकांडे सजावट समजून कापणाऱ्याने तिची ताकदच कापली.

१८. लडाखला गेलेल्या बुलेटस्वारांनी याच धड्याची उलटी बाजू पाहिली. खारदुंग ला खिंडीत, समुद्रसपाटीपासून ५,३०० मीटरांहून अधिक उंचीवर, हवेची घनता जवळपास ४० टक्क्यांनी कमी होते. जेटला ते कळत नाही. पेट्रोल पुष्कळ, हवा थोडी, म्हणून काळा धूर आणि धापा टाकणारे इंजिन. तिथे उपाय लहान जेटचा. त्यावर कोणी फिल्टरच काढून टाके आणि इंजिनात धूळ भरून घेई. मैदानात उतरल्यावर जुना जेट परत बसवायला विसरलेल्यांची गाडी लीन होऊन तापे.

१९. भारतीय गॅरेजमध्ये योग्य क्रमांकाचा जेट हाताशी असेलच असे नसे. मग तारेने किंवा बारीक ड्रिलने छिद्र मोठे केले जाई. असे छिद्र गोल राहत नाही, त्यावरचा आकडा खोटा ठरतो आणि पुढच्या मेस्त्रीला काहीच उमगत नाही. तरीही नुसत्या आवाजावरून आणि प्लगच्या रंगावरून मिश्रण ओळखणारे कुशल हात याच गॅरेजांत तयार झाले. कुठल्याही अभ्यासक्रमात नसलेली ही विद्या उस्तादाकडून पोऱ्याकडे जात राहिली.

२०. कायदा इथेही आला. भारतात पेट्रोल गाड्यांच्या धुरावर १९९१ मध्ये मर्यादा आली, ती १९९६ मध्ये कडक झाली आणि त्याच वर्षी आरएक्स १०० चे उत्पादन थांबले. पुढची वाट आखण्यात मराठी माणसाचा मोठा वाटा होता. गोव्यातल्या माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या समितीने २००२ मध्ये भारत स्टेज मानकांचा देशभराचा आराखडा सुचवला. गाड्या त्या मानकांवर उतरतात की नाही हे तपासणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी एक, १९६६ मध्ये स्थापन झालेली एआरएआय, पुण्याच्या टेकडीवर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) नुसार आवाज व धुराची मर्यादा मोडणारी गाडी रस्त्यावर आणणे दंडनीय आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील.

२१. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळपास नाहीसा झाला. त्याच्या जागी इंधन-इंजेक्शन आले. हवेचा दाब आणि तापमान मोजणारे सेन्सर, धुरातला ऑक्सिजन तपासणारा सेन्सर आणि संगणकात साठवलेला आकड्यांचा तक्ता. १८९३ च्या जेटला जे कळत नव्हते, ते आता इंजिनाला कळते. खारदुंग लावर पाना काढावा लागत नाही. पण तक्त्यालाही हद्द असते. मोकळा सायलेन्सर लावून ती ओलांडली की आज 'रीमॅप' करतात. जेट गेला, पेट्रोल किती हा प्रश्न राहिला.

२२. म्हणून हा इतिहास केवळ हौशी स्वारांचा नाही. ब्रुकलँड्सचे शेजारी, एस कॅफेतले तरुण, क्लचवर बोटे ठेवून धावणारे स्वार, कॅलिफोर्नियाच्या धुरकट शहरांतले रहिवासी आणि पुण्याच्या सिग्नलवर मागे उभी असलेली शाळकरी मुले, या सर्वांचा वाटा त्या एका मिलिमीटरच्या छिद्रात आहे. जुनी आरएक्स किंवा बुलेट जपणाऱ्यांच्या हाती आज या विद्येचा शेवटचा ठेवा आहे. फिल्टर आणि सायलेन्सर मूळचे ठेवून, योग्य क्रमांकाचा जेट घालून, प्लग तपकिरी राखणारा मालक इंजिन वाचवतो आणि मागच्याचा श्वासही. इंजिनात आत जाणारी हवा एकट्या मालकाची असू शकेल, बाहेर पडणारी मात्र सगळ्यांची असते.

#इतिहास #मोटारसायकल #थ्रेड